वऱ्हाडातून अलिबागला जायचे कसे?

कारंजा लाडच्या आसपासच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र पाहायचा असेल, तर त्याला महाराष्ट्राची निम्म्याहून अधिक रुंदी पार करावी लागते. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली ही गावे अधिक देखणी असतील, पण आमच्याकडून तिकडे पोहोचण्यातच दोन दिवस जातात. त्यामुळे घरात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि मोजून चार दिवसांची सुटी असली, की गाडी अखेर अलिबागवर येऊन थांबते. गेल्या चार वर्षांत मी तीन वेळा अलिबागला गेलो आणि तिन्ही वेळा वेगळ्या मार्गाने गेलो. पहिल्यांदा खासगी ट्रॅव्हल्सने, दुसऱ्यांदा आगगाडी आणि बोटीने, तिसऱ्यांदा भाड्याची गाडी घेऊन समृद्धी महामार्गाने. तूर-कपाशीचे पैसे हाती आल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत निघण्याचा विचार करणाऱ्या आमच्या भागातील कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून या तिन्ही मार्गांविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी भूगोल समजून घेतलेला बरा, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. अलिबाग मुंबईच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे आहे. गेटवे ऑफ इंडियावरून पाण्याने मांडवा बंदर जेमतेम वीस किलोमीटरवर येते. तेच रस्त्याने जायचे, तर पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून शंभरेक किलोमीटर जावे लागते. अलिबागला स्वतःचे प्रवासी रेल्वेस्थानक नाही, जवळचे स्थानक पेण. म्हणजे आमच्याकडून मुंबईपर्यंतचा पल्ला कितीही लांब दिसला तरी तो झोपेत निघून जातो, आणि प्रवासाची खरी परीक्षा मुंबईला पोहोचल्यावर सुरू होते. मार्ग निवडताना आपण रात्रीच्या प्रवासाचा विचार करतो आणि सकाळचा विसरतो. माझ्या मते तो उलट क्रमाने करायला हवा.

दुसऱ्या खेपेस आई बरोबर होती. वय ७८, गुडघे दुखरे आणि समुद्र कधीही न पाहिलेला. म्हणून आगगाडी ठरवली. आमचे जवळचे मोठ्या मार्गावरचे स्थानक मूर्तिजापूर. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज आगगाडी शकुंतला चालू असती, तर घरातून निघून थेट मोठ्या गाडीत बसता आले असते. ती बंद पडून बरीच वर्षे झाली, त्यामुळे आता कारंज्याहून एसटी. त्या एसटीला मात्र दोष देता येणार नाही. ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्ध्या तिकिटात प्रवास असल्यामुळे आईचे तिकीट शून्य आणि पत्नीचे अर्धे झाले. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबवली, ती अद्याप तशीच आहे, याची मूर्तिजापूरच्या खिडकीवर आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मूर्तिजापूरहून मुंबईसाठी रात्रभराच्या सोयीच्या गाड्या दोन. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती-मुंबई एक्स्प्रेस. दोन्ही संध्याकाळनंतर मूर्तिजापूर सोडतात आणि सकाळी लवकर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवतात. आम्ही अमरावतीची गाडी निवडली, कारण ती अमरावतीहूनच सुटत असल्याने मागून उशीर घेऊन येण्याची शक्यता कमी. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस होते, तो नियम नोव्हेंबर २०२४ पासून बदलला. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्यांत पहिल्या दिवशीच तिकिटे काढावीत, नाहीतर प्रतीक्षायादीचे दुखणे मागे लागते. जानेवारीच्या मधल्या वारी आम्हाला पंधरा दिवस आधी चारही जागा मिळाल्या, आणि वयाची नोंद नीट केल्यामुळे आईला खालची बर्थ आपोआप मिळाली.

गैरसोय एकच, पण ती लहान नाही. मूर्तिजापूरला गाडी फार थोडा वेळ थांबते. डबा नेमका कुठे येणार हे आधी विचारून ठेवले नाही, तर सामान आणि म्हातारे माणूस घेऊन फलाटावर धावावे लागते. आम्ही स्थानकावरच्या एका हमालाला विचारून उभे राहिलो, तरीही दोन डबे पुढे चालावे लागले. त्यापुढचा प्रवास मात्र सुखाचा होता. घरचे धपाटे आणि तिळाची चटणी बरोबर होती, तरी शेगावला कचोरी घेतल्याशिवाय आमच्या घरातील कोणी गाडीत झोपत नाही, तो शिरस्ता पाळला गेला. कसारा घाट कधी उतरलो ते कळलेही नाही.

मुंबईत उतरल्यावर एक गंमत झाली. स्थानकाबाहेर मी आईला सहज म्हणालो, "आता काळीपिवळीने जाऊ." आमच्याकडे काळीपिवळी म्हणजे बारा-चौदा माणसे कोंबलेली, टपावर कांद्याची पोती बांधलेली जीप. आई दचकली. मुंबईत काळीपिवळी म्हणजे चौघांची टॅक्सी, हे तिला गाडीत बसल्यावरच पटले. टर्मिनसवरून गेटवे जवळ आहे आणि सकाळी रस्ता मोकळा असतो. मीटरनेच जायचे, हे आधी बोलून घ्यावे.

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी सकाळी लवकर सुरू होतात. पीएनपी, मालदार आणि अजंठा या नावांच्या सेवा इथे वर्षानुवर्षे चालतात. तिकिटाची सोय मला फार आवडली. मांडव्याहून अलिबागला नेणारी बस याच तिकिटात धरलेली असते, त्यामुळे पलीकडे उतरल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. तिकीट जपून ठेवावे, बसमध्ये चढताना ते दाखवावे लागते. वरच्या मजल्यावर बसायचे असेल तर थोडे अधिक पैसे पडतात. ते द्यावेत. खाली काचेआड बसून समुद्र पाहणे म्हणजे उंबरठ्यावर बसून लग्न पाहण्यासारखे आहे.

बोटीत चढणे मात्र वयस्कर माणसाला अवघड जाते, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. गेटवेच्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत असतात, आणि बोट पाण्यावर सतत वरखाली होत असते. त्या दिवशी आमची बोट दुसऱ्या बोटीच्या पलीकडे लागलेली होती, म्हणजे एका बोटीतून चालत जाऊन दुसरीत उतरायचे होते. आई पायरीवर थबकली. तेव्हा एका खलाशाने पुढे होऊन तिचे दोन्ही हात कोपरापाशी धरले आणि म्हणाला, "आजी, पाण्याकडं नको, माझ्याकडं बघा. मी सांगतो तेव्हाच पाय टाका." बोट वर आली, त्याने "आता" म्हटले आणि आई आत. एवढे झाले, की पुढचा तासभर निव्वळ आनंदाचा. थंडीत सीगल पक्ष्यांचे थवे बोटीच्या मागे लागतात, पोरे त्यांना शेव टाकतात, आणि मागे गेटवे व ताज हॉटेल हळूहळू लहान होत जातात. आईने बराच वेळ काही न बोलता पाहिले आणि मग एवढेच विचारले, "हे पाणी कुठंच थांबत नाही का रे?"

मांडव्याला धक्का लांब आहे, तिथपासून बसपर्यंत दम खात चालावे लागते. बसने साधारण पाऊण तासात, चोंढीवरून, नारळी-पोफळीच्या वाड्या पाहत अलिबागला पोहोचता येते. रात्री मूर्तिजापूर सोडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आम्ही अलिबागच्या खाणावळीत बसलो होतो. साधे शयनयान आणि बोट मिळून माणशी एका बाजूचा खर्च हजार रुपयांच्या बराच आत राहिला.

या मार्गाला दोन मर्यादा आहेत. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, गेटवे-मांडवा बोटी बंद असतात, तेव्हा हा बेतच करू नये. दुसरी मर्यादा परतीची. रविवारी दुपारनंतर मांडव्याला मुंबईकरांची अशी झुंबड उडते, की रांगेतच दीड-दोन तास जातात. आपल्या गाड्या मुंबईहून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुटतात. मी मंगळवारी परतत होतो, तरीही दुपारी एकच्या पुढची बोट धरण्याचे धाडस केले नाही. बोट चुकली तर पुढची मिळते, पण विदर्भाची गाडी चुकली तर आरक्षणाचे पैसे बुडतात आणि पुढची रात्र फलाटावर काढावी लागते.

तिसऱ्या खेपेस धाकट्या भावाचे कुटुंब बरोबर होते, सात माणसे, म्हणून दिवाळीच्या सुटीत मोठी गाडी चालकासह भाड्याने घेतली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. नागपूरपासून आमणेपर्यंत एकूण ७०१ किलोमीटर, आणि त्यावर चढण्याची सोय आमच्या कारंज्यालाच आहे. तिथून आमणे पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. रस्त्याविषयी तक्रारीला जागा नाही. ज्या कसारा घाटात पूर्वी ट्रकच्या मागे तासन्‌तास रांगावे लागत असे, तो घाट आता सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून काही मिनिटांत पार होतो. पहाटे चारला निघालेले आम्ही सकाळी दहाच्या आसपास आमण्याला उतरलो.

पण हा रस्ता माणसाला गुंगवतो. वळण नाही, गाव नाही, समोरून येणारे वाहन नाही, आडवे जाणारे जनावर नाही. कार ताशी १२० ने चालवण्यास परवानगी आहे, आणि त्या वेगात दोन तासांनी चालकाचे डोळे उघडे असूनही तो पाहत नसतो. आमचे चालक अनुभवी होते. दर दीड तासाने थांबायचे, ही अट त्यांनीच घातली. निघण्याआधी टायरची हवा आणि झीज पाहून घेतली, कारण तापलेल्या सिमेंटवर जुना टायर फुटण्याची भीती खरी आहे. पंप आणि खाण्यापिण्याची ठिकाणे एकमेकांपासून लांब असल्याने डबा आणि पाणी घरचेच घ्यावे. टोल किलोमीटरप्रमाणे लागतो आणि तो एकरकमी कापला गेल्यावर जीव थोडा कळवळतो.

आमण्यानंतर समृद्धीची मजा संपते. भिवंडीजवळ उतरल्यावर ठाण्यापर्यंत आणि पुढे मुंबईत शिरेपर्यंत जो वेळ जातो, त्याचा हिशेब आधी केलेला नसेल, तर सकाळचा सगळा फायदा तिथे वाहून जातो. पाचशे किलोमीटर सहा तासांत आणि पुढचे पन्नास अडीच तासांत, असा आमचा अनुभव. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत घालून मांडव्याला न्यायचे ठरवले होते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडी तळमजल्यावर चढवायची, माणसांनी वर जाऊन बसायचे, तासाभरात मांडवा. तिकीट ठराविक वेळेच्या फेरीचे असते आणि ते आधी ऑनलाइन काढावे लागते. ठाण्याच्या कोंडीत आमची फेरी हुकते की काय असे झाले होते. फाटक बंद व्हायला थोडा वेळ असताना कशीबशी गाडी आत गेली. पुन्हा जायचे झाले, तर मी दुपारनंतरची फेरी घेईन आणि मधला वेळ भायखळ्याला जेवणात घालवीन.

रो-रोचा एक गुण मला गाडीपेक्षा मोलाचा वाटला. बोट मोठी असल्याने कमी डुलते, आणि चढायला पायऱ्यांऐवजी सरळ उतार आहे. गाडी नसलेल्या प्रवाशांनाही तिचे तिकीट मिळते. आईला नेले तेव्हा हे मला ठाऊक असते, तर टर्मिनसवरून गेटवेऐवजी टॅक्सी भाऊच्या धक्क्याकडेच वळवली असती. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. तिथून पुढे अलिबागपर्यंतच्या वाहनाची विचारपूस मात्र तिकीट काढतानाच करावी.

काही जण अटल सेतूवरून जा असे सुचवतात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला जवळजवळ २२ किलोमीटरचा हा पूल पाहण्यासारखा आहे खरा, पण तो शिवडीला सुरू होतो. समृद्धीवरून येणाऱ्याने केवळ त्यासाठी आधी मुंबईत शिरायचे आणि मग पूल चढून बाहेर पडायचे, यात मला हशील दिसत नाही. रस्त्यानेच जायचे असेल, तर कल्याण, शीळफाटा, पनवेल, पेण हा मार्ग बाहेरून जातो. परतताना आम्ही तो घेतला. वडखळला कोंडी झालीच, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम या एका चौकात उभे राहून पुरेपूर समजते.

गाडीचा फायदा अलिबागला पोहोचल्यावर दिसतो. नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड-जंजिरा एकाच दिवसात होते. गाडी नसली तरी फारसे अडत नाही, एसटी आहे आणि जवळच्या गावांना सहा आसनी मिनीडोअर मिळतात, पण मुलांची झोप आणि ओले कपडे सांभाळायला गाडी बरी. खर्चाचे गणित मात्र सोपे आहे. सहा-सात माणसे असतील तरच गाडी परवडते. चौघांसाठी ती चैन आहे.

खासगी ट्रॅव्हल्सविषयी लिहायला हात जरा आखडतो. उन्हाळ्यात आगगाडीची तिकिटे न मिळाल्याने आम्ही शयनबसने गेलो. दलालाने पनवेलच्या बसस्थानकासमोर उतरवू असे सांगितले होते. प्रत्यक्षात पहाटे साडेचारला, कळंबोलीजवळच्या एका पुलाखाली, दोन झोपलेली पोरे आणि चार पिशव्यांसह आम्हाला उतरवले आणि बस निघून गेली. ना दिवा, ना माणूस. पंचवीस मिनिटांनी एक रिक्षा आली, तिने मागेल ते पैसे घेऊन पनवेल स्थानक गाठून दिले. रात्री थांबा दिला होता तो एकच, तोही एका ढाब्यावर, जिथले स्वच्छतागृह बायकांनी पाहूनच परत फिरावे असे. आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पेटलेल्या खासगी बसमध्ये आपल्याच भागातली माणसे होती, २५ जण गेले, ते आठवले की वरच्या बर्थवर डोळा लागत नाही. नाइलाज असेल तरच जावे, आपत्कालीन दार कुठे आहे ते चढतानाच पाहून घ्यावे आणि उतरण्याचे ठिकाण तिकिटावर लिहून घ्यावे.

त्याच प्रवासात पनवेलहून अलिबागला एसटीने गेलो, तो टप्पा मात्र समाधानाचा होता. पेण, वडखळ, पोयनाड करीत गाडी दोन-अडीच तासांत पोहोचते, फेऱ्या पुष्कळ आहेत आणि पावसाळ्यात, बोटी बंद असताना, हाच भरवशाचा मार्ग. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी चालू असेल, तर ती बडनेरा, अकोला, शेगाव करीत पनवेलवरून जाते. आठवड्यातून दोनच दिवस आहे, पण तारीख जुळली तर मुंबईत शिरावेच लागत नाही. विमानाचा विचार आमच्या घरात झाला नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचे विमान सुरू झाले आहे. ज्यांचा खिसा आणि तारखा जुळतात त्यांनी ते पाहावे, मात्र विमानतळावरून गेटवेपर्यंतची वाट आहेच.

माझी पसंती विचाराल तर चौघांपर्यंत आगगाडी आणि बोट, म्हातारे माणूस असेल तर आगगाडी आणि रो-रो, सातजण असतील तर गाडी, आणि पावसाळ्यात पनवेलहून एसटी. निघण्याची तारीख मात्र रेल्वेच्या वेळापत्रकाबरोबर पंचांग पाहूनही ठरवावी, असे मी सांगेन. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला त्याच्याकडे चालत किंवा टांग्याने जाता येते, भरतीला बोटीवाचून इलाज नाही. पाण्याची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून मुक्कामाच्या दिवशी सोयीच्या वेळी ओहोटी आहे की नाही हे तिथीवर अवलंबून असते.

आईला घेऊन आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी षष्ठी होती. टांगेवाल्याने हिशेब सांगितला, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. मी खिशातून मोबाईल काढेपर्यंत आईने बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. चौथीपर्यंतच शिकलेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी त्या काळी पाठ करून घेत. "पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार," ती म्हणाली, "म्हणजे साडेचारला पाणी वर, आन् त्याच्या सहा तास आधी खाली." टांगेवाला हसला आणि त्याने घोड्याचा लगाम हातात घेतला. दहा वाजून गेले होते. चाकांच्या निम्म्यापर्यंत पाणी होते, आई पुढच्या बाजूला लोखंडी दांडा घट्ट धरून बसली होती आणि किल्ल्याचा दरवाजा समोर येत होता.